तालमीपाशी संपलेली बनगरवाडी

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी मी आठवीत असताना पहिल्यांदा वाचली आणि अर्धवटच वाचली, पण ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. वाचनालयातली प्रत, शिवण उसवलेली, शेवटची बरीच पानं गायब. त्यामुळे माझ्या बनगरवाडीत मास्तर पहाटेच्या अंधारात एकटा चालत येतो, धनगरांची पोरं कशीबशी शाळेत आणून बसवतो, सगळी वाडी राबून तालीम उभी करते, औंधचे राजेसाहेब येतात आणि खेळ खल्लास. एकदम हॅपी एंडिंग!

पुढे पुण्यात हॉस्टेलला असताना अप्पा बळवंत चौकात फुटपाथवर जुनी प्रत मिळाली, म्हटलं चला परत वाचू, तर तालीम बांधून झाली तरी हातात पानं उरलेलीच, म्हटलं आता आणखी काय राह्यलंय? राह्यला होता दुष्काळ. पाऊस नाही, मेंढरं मरतायत, एकेक घर वाडी सोडून चाललंय. त्या रात्री मेसला गेलोच नाही. खरं सांगायचं तर माडगूळकरांचा रागच आला होता.

आता एवढ्या वेळा वाचल्यावर वाटतं, या माणसानं कुठंच गळा काढलेला नाही. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, तेही असं सांगितलंय की जणू रोजचंच. स्वतः चित्रं काढायचे ना, त्यामुळे असेल, दोन रेघांत माणूस उभा. पुस्तक १९५५ चं, पण त्यातला कारभारी मला अजून एसटीत भेटतो. (पिक्चर पण आहे, अमोल पालेकरांचा, चांगलाय, पण माझी वाडी वेगळी दिसते.)

मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवली. तिचं माहेर आटपाडीकडचं, माडगूळ तिथनं जवळच. तालमीपर्यंत आलो आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुस्तक मिटलं न् म्हटलं, संपलं.

ती डोळ्यावरची पट्टी चाचपत गप्प पडून राह्यली.

"आणि पाऊस?"

"त्याचं काय?"

"आमच्याकडची गोष्ट आणि पावसाचं नाव नाही? नीट बघ, पानं चिकटली असतील."