कॉकपिटच्या पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड

ओहायोतल्या हिवाळ्यात हीटरशिवाय उडणं अशक्यच. आमच्या आरव्ही-९ए या छोट्या दोन आसनी विमानात ती ऊब एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीच्या आवरणातून येते. पाइपाला बारीकशी चीर गेली, की कार्बन मोनॉक्साइड सरळ केबिनमध्ये येतो, आणि त्याला ना वास ना रंग. शेजारी बायको बसलेली असते. हा वायू लागला की रंग बदलणाऱ्या कागदी ठिपक्यावर मी विसंबणार नाही. त्याचा रंग बदललेला दिसायला आधी तिकडे बघावं तर लागतं!

म्हणून इलेक्ट्रोकेमिकल सेल (वायूच्या प्रमाणात वीज देणारा घटक) आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून सेन्सर घरीच बनवला आणि इंजिन मॉनिटरच्या, म्हणजे इंजिनाचे आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या, मोकळ्या ०-५ व्होल्ट इनपुटला दिला. विमान एक्स्पेरिमेंटल, म्हणजे हौशी बांधणीच्या वर्गातलं, त्यामुळे असं करता येतं.

महत्त्वाचं म्हणजे, शून्य पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचा एक भाग) शून्य व्होल्ट ठेवू नका. वायर तुटली तरी पडदा 'हवा स्वच्छ' म्हणेल. मी शून्याला ०.५ आणि ५०० पीपीएमला ४.५ व्होल्ट ठेवले, म्हणजे पीपीएममागे ८ मिलिव्होल्ट. ०.२५ च्या खाली गेलं की बिघाडाचा लाल इशारा. धोक्याचा इशारा ५० पीपीएमला, म्हणजे ०.९ व्होल्टवर. अमेरिकी प्रमाणन नियमातली वीस हजारांत एक भाग ही मर्यादा तीच. सेन्सरचं ग्राउंड (परतीची वायर) मॉनिटरच्याच ग्राउंडला जोडा, नाहीतर लँडिंग लाइट लावताच आकडा हलतो.

हँगरमध्ये उपड्या बरणीखाली सेन्सरशेजारी उदबत्ती लावली. आकडा चढत गेला, पडदा लाल झाला, हेडसेटमध्ये इशारा वाजला. खूप बरं वाटलं.

सेलचं आयुष्य मर्यादित असतं; बदलायची तारीख लॉगबुकात लिहून ठेवली आहे.