आमची वाटचाल: चौदा वह्या आणि चौथा सेल

आमचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान किती वर्षं जुनं असं कोणी विचारलं की मी वर्षं सांगतो, दादा वहीचा नंबर सांगतात. सध्या चौदावी चालू आहे. गाडी, सीरियल नंबर, विक्रीची तारीख, बॅटरी कधी बनली त्याचा डब्यावरचा कोड आणि मग सहा रकाने, बॅटरीतल्या सहा सेलचे, म्हणजे कप्प्यांचे. या सहा रकान्यांवर आमचं दुकान एकदा वाचलंय म्हणून लिहायला बसलोय.

दादा म्हणजे माझे भागीदार, नात्यातले नाहीत, वयानं मोठे म्हणून दादा. मी गॅरेजला वायरिंग करायचो आणि ते बॅटरी रिपेअरिंगच्या शेडमध्ये होते, काळ्या कडक रबराच्या डब्यांचा काळ, वरचं डांबर तापवून सेल उघडायचा, गेलेला प्लेटांचा ग्रुप उपसून काढायचा, नवा बसवून शिशाची पट्टी ओतायची. प्लास्टिकचे बंद डबे आले आणि ते काम संपलं. पण त्या माणसानं बॅटरी आतून बघितलेली होती, आणि आजही कोणी नुसतं व्होल्टमीटर लावून "बॅटरी ओके" म्हणालं की दादांच्या कपाळावर आठी येते.

सुरुवातीला आमच्याकडे हत्यारं तीनच, एक चार्जर, एक लोड टेस्टर आणि दादांचा हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या अॅसिडची घनता, ग्रॅव्हिटी, मोजायची काचेची नळी. लोड टेस्टर कार्बन पाइलवाला, चाक फिरवत लोड वाढवायचा, बॅटरीच्या सीसीएच्या, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करायला ती जेवढा करंट देऊ शकते त्याच्या, निम्म्यापर्यंत न्यायचा आणि पंधरा सेकंद धरायचा, काटा ९.६ व्होल्टच्या खाली गेला की समजायचं. पण लोड टेस्ट फक्त एवढंच सांगते की बॅटरी गेली, का गेली ते सांगत नाही. ते हायड्रोमीटर सांगतो. दादा तो धरतात ते बघण्यासारखं असतं, रबरी फुगा दाबून सोडायचा, अॅसिड हळू वर येऊ द्यायचं, फ्लोट काचेला चिकटला तर नखानं टिचकी, आणि नळी डोळ्यासमोर आणून पातळी वाचायची, वाकून वरून नाही. चार्जिंगवरून आत्ताच उतरवलेली बॅटरी असेल तर हातच लावत नाहीत, गरम अॅसिडची ग्रॅव्हिटी कमी दिसते, आणि नुकतंच पाणी टाकलेलं असेल तर ते मिसळल्याशिवाय आकडा खोटाच येतो. एकेक सेल वाचून ते मोठ्यानं म्हणायचे, "बाराशे साठ, बाराशे साठ, बाराशे पंचावन्न, अकराशे दहा..." आणि मी लिहायचो. बाराशे साठ म्हणजे घनता १.२६०, सेल जितका भरलेला तितका आकडा मोठा. मला तेव्हा कंटाळा यायचा, खरं सांगतो, दहा मिनिटांचं काम अर्धा तास चालायचं आणि गिऱ्हाईक बाहेर घड्याळ बघत उभं.

तिसऱ्या वर्षी मात्र आमचं सगळं होत्याचं नव्हतं व्हायची वेळ आली.

त्या उन्हाळ्यात बॅटऱ्या परत यायला लागल्या. आता उन्हाळ्यात येतातच, उष्णतेनं प्लेटांची जाळी झिजते, पाणी उडतं, दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं असा या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे, लोकांना वाटतं थंडीत बॅटरी मरते पण थंडीत ती फक्त उघडी पडते, मारलेली उन्हानं असते. पण या बॅटऱ्या वर्षाच्या आतल्या होत्या. एक, दोन, मग आठवड्याला चार. सेल्फ मारला की टक टक आणि दिवे मंद. सगळं मिळून ३१. आणि जवळपास सगळ्यांत चौथा सेल मेलेला, बाकीचे पाच बाराशे चाळीसच्या वर आणि चौथा अकराशेच्या आसपास, मीटरवर साडेदहा व्होल्ट.

ज्यांना हे रोजचं आहे त्यांना सांगायला नको. बॅटरी डिस्चार्ज झाली तर सहाही सेल सारखे उतरतात. अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, जास्त चार्ज करत असेल तर सहाही सेलचं पाणी उडतं, अॅसिड काळपट होतं. एकच सेल मेला आणि बाकीचे तगडे असतील तर गाडीचा काही संबंध नाही, तो बनवतानाचा दोष. त्यात नेमका चौथाच आणि डब्यावरचा कोड एकाच आठवड्याचा, मग तर शंकाच नको.

आम्ही कंपनीकडे वॉरंटीचे ३१ क्लेम लावले. कंपनीचा सर्व्हिसवाला आला, तरुण मुलगा, हातात डिजिटल टेस्टर, एकाही बॅटरीचं बूच उघडलं नाही. नऊ मंजूर आणि २२ रिजेक्ट. कारण काय, तर काहींवर "ओव्हरचार्ज, वाहनातील दोष" आणि काहींवर "डिस्चार्ज, रिचार्ज करून परत". दादा त्याला म्हणाले, "अहो साहेब, ओव्हरचार्ज काय एकाच सेलला होतो का?" त्यानं वहीकडे बघितलं आणि म्हणाला, हे आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. बास. एवढंच उत्तर.

आता २२ गिऱ्हाइकं दारात. वॉरंटी कार्ड आमच्या शिक्क्याचं, त्यांना कंपनी ठाऊक नाही, त्यांना आम्ही ठाऊक. आम्ही स्टॉकमधल्या नव्या बॅटऱ्या काढून दिल्या, पदरच्या. डिस्ट्रिब्युटरचं देणं थकलं, त्यानं माल थांबवला, आणि फळीवर फक्त दोन ट्रकच्या बॅटऱ्या आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन उरले. माझ्या बायकोनं तेव्हा विचारलं होतं, परत वायरिंगला जाता का. मी दोन दिवस गप्प होतो.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या समोर दुसऱ्यानं दुकान टाकलं, मोठा बोर्ड, "जागेवर रिप्लेसमेंट". टेस्ट नाही, चार्जिंग नाही, आणा आणि घेऊन जा. लोकांना काय, आवडणारच. आमच्याकडे बॅटरी आली की आम्ही ती आधी पूर्ण चार्ज करणार, रात्रभर शांत ठेवणार, मग सहा सेल वाचणार, आणि तोपर्यंत वापरायला आमची स्टँडबाय बॅटरी देणार. तो लोकांना सांगायचा, "ते आकडे लिहीत बसतात, बॅटरी देत नाहीत." हे वाक्य मला अजून टोचतं. त्याच्याकडून बदलून मिळालेली एक बॅटरी पुढं आमच्याकडे आली, बिल त्याच महिन्याचं आणि कोड दीड वर्षापूर्वीचा, म्हणजे कोणाची तरी परत आलेली, चार्ज करून पुसून दिलेली. टर्मिनलवर आधीच्या क्लॅम्पचे दात उमटलेले स्पष्ट दिसत होते. मी त्या गिऱ्हाइकाला दाखवलं, बोभाटा केला नाही. करायला हवा होता असं आता वाटतं.

शेवटी दादा उठले. वही पिशवीत, रिजेक्ट झालेल्यांतली एक बॅटरी सोबत, आणि थेट कंपनीच्या मोठ्या ऑफिसला. पहिल्या दिवशी बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी क्वालिटीचे एक वयस्कर इंजिनिअर बाहेर आले, त्यांनी उभ्या उभ्या वही चाळली, मग खाली बसून चाळली. एकच प्रश्न विचारला, "रीडिंग चार्जिंगनंतर किती तासांनी घेता?" दादा म्हणाले, रात्रभर ठेवून. बॅटरी कापली गेली. चौथ्या सेलमधला सेपरेटर, म्हणजे दोन प्लेटांमधला पडदा, तळाशी दुमडलेला होता, खालच्या कडेला प्लेट प्लेटीला टेकत होती. आठ-दहा महिने धक्के खाल्ले की शॉर्ट.

२२ पैकी १७ मंजूर झाल्या. उरलेल्या पाचातल्या दोन गाड्यांचे अल्टरनेटर खरंच १५ व्होल्टच्या वर देत होते, ते आमच्याही वहीत होतं, त्यांबद्दल तक्रार नाही. तिघांचं काय चुकलं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आणि क्रेडिट नोट, म्हणजे पैसे आमच्या खात्यात वळते केल्याचा कागद, सात महिन्यांनी आली, त्यावर कारणाच्या जागी लिहिलेलं होतं "सदिच्छा म्हणून". दोष त्यांचा, कापून बघितला त्यांनीच, आणि कागदावर आमच्यावर उपकार!

पुढची वर्षं नीट गेली. समोरचं दुकान चौथ्या वर्षी बंद झालं. आम्ही शेजारचा गाळा घेतला, दोन पोरं ठेवली.

या सगळ्यात एक माणूस हलला नाही, शाळेच्या व्हॅनचे काका. ३१ मधली एक त्यांची होती, नऊ आठवडे आमच्या स्टँडबायवर व्हॅन चालवली, एकदाही आवाज चढवला नाही. नंतर कधीतरी त्यांची नवी बॅटरी दर सुट्टीनंतर बसायला लागली. सहाही सेल सारखे, अकराशे साठ. मी म्हणलं, "काका, ही वॉरंटीत बसत नाही, बॅटरी चांगली आहे, गाडी पिते आहे." ते म्हणाले, "तू आकडा सांगतोस ना, मग बघ काय पितेय ते." निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला, गाडी बंद करून अर्धा तास थांबलो, ५० मिलीअॅम्पियरच्या आत यायला हवं तिथं ४००. म्हणजे दिवसाला जवळपास दहा अॅम्पियर-तास, ३५ अॅम्पियर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत खल्लास. एकेक फ्यूज काढत गेलो, मागच्या सीटच्या स्पीकरसाठी कोणीतरी बसवलेला रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, चालूवरच चिकटून बसलेला. समोरचा असता तर त्यानं त्यांना दोन वेळा नवी बॅटरी दिली असती आणि दोन्ही मेल्या असत्या.

म्हणून सांगतो, बॅटरी घेताना डब्यावरचा कोड वाचून घ्या, सहा महिन्यांच्या वर फळीवर पडलेली असेल तर मधे चार्ज केली होती का ते विचारा. सीरियल नंबर आणि तारीख कार्डावर त्याच दिवशी, तुमच्या डोळ्यांसमोर. गाडी भाड्यावर चालत असेल तर तसं सांगा, खाजगी म्हणून लिहून घेतलं तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी जुन्याच तारखेपासून मोजतात, नव्यानं सुरू होत नाही, आणि मोफतचा काळ संपला की पुढच्या काळात वापर वजा करून थोडी सूट मिळते, यावर काउंटरवर भांडू नका, दुकानदाराच्या हातात काही नसतं. घरी मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर बघा, १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मधे हवं, नसेल तर बॅटरीवाल्याकडे नाही, आधी वायरमनकडे जा. पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच, अॅसिड चुकूनही नाही. आणि बॅटरीच्या झाकणावर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असतो त्यावर विसंबू नका, तो एकाच सेलमध्ये बसवलेला असतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही कळत नाही.

आता बहुतेक बॅटऱ्या सीलबंद, हायड्रोमीटर घालायला बूचच नाही. आम्ही बूच न उघडता बाहेरूनच बॅटरी तपासणारा कंडक्टन्सचा टेस्टर घेतला, तो चिठ्ठी छापून देतो आणि मी ती वहीत चिकटवतो. छपाई काही महिन्यांत उडते म्हणून दादा आकडे शेजारी पेननं लिहितात. ते आता सकाळी दोन तासच येतात. हायड्रोमीटर त्यांच्या खणात आहे, बूचवाली बॅटरी आली की पोरं त्यांनाच हाक मारतात.

त्या क्रेडिट नोटची झेरॉक्स प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर लावतो. "सदिच्छा" या शब्दाखाली दादांनी लाल पेननं रेघ मारलेली आहे, चौदाव्या वहीतसुद्धा.