लिपिड प्रोफाइल वाचताना: फॅमिली मेडिसिनच्या नव्या डॉक्टरांसाठी

फॅमिली मेडिसिनच्या पहिल्या वर्षातल्या डॉक्टरला स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, काम विचारा, लिव्हरमधल्या एन्झाइमपासून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) रिसेप्टरपर्यंत सगळं धडाधड सांगेल. अडतं ते लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद हातात आल्यावर. लॅबने ज्या आकड्यापुढे चांदणी छापली, तिथेच नजर खिळते.

दोन रिपोर्ट घ्या. 38 वर्षांच्या बाई: टोटल कोलेस्टेरॉल 212, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 62, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 90. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएल 132. चांदणी आहे, पण शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक नाही. गोळीची घाई नको. दुसरे काका 54 वर्षांचे, डायबिटीस, खिशात तंबाखूची पुडी: टोटल 178, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 210, एलडीएल 104. टोटलला चांदणी नाही म्हणून ते खुशीत असतात, आणि स्टॅटिन नेमकं त्यांनाच हवं. एलडीएल 70 च्या खाली आणायचं. टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल काढा: बाईंचं 150, काकांचं 146. आकडे जवळपास सारखे, धोका अजिबात सारखा नाही. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर एलडीएलचं हे गणित चुकतं. तेव्हा उपाशीपोटी तपासणी पुन्हा करा. एरवी उपाशी राहण्याची सक्ती नको.)

गोळी लिहिण्याआधी टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनीन (किडनी), लघवीतलं प्रोटीन, एसजीपीटी (लिव्हर) आणि एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच वाढतं, आणि अशा पेशंटला स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा त्रासही जास्त होतो. आधी थायरॉइडची गोळी, मग पुन्हा लिपिड.

डोसाचं गणित नव्यांना सहसा कुणी नीट सांगत नाही. अॅटोरव्हास्टॅटिन 10–20 किंवा रोसुव्हास्टॅटिन 5–10 मिलिग्रॅमने एलडीएल 30 ते 49 टक्के उतरतं; अॅटोरव्हा 40–80 किंवा रोसुव्हा 20–40 ने निम्मं किंवा त्याहून जास्त. म्हणजे बहुतेक काम पहिल्याच डोसात होतं. त्यापुढे डोस दुप्पट केला की जेमतेम 6 टक्के आणखी. त्यामुळे लक्ष्य थोडक्यात हुकत असेल तर डोस ताणत बसण्यापेक्षा एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम जोडावं, त्याने साधारण 20 टक्के अजून उतरतं. तपासणी 4 ते 12 आठवड्यांनी. या दोन्ही स्टॅटिन दिवसात कधीही चालतात. 'रात्रीच घ्या' हा नियम सिम्व्हास्टॅटिनचा.

आहाराबद्दल 'तेलकट बंद करा' एवढंच सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. इंदूरमध्ये पोह्यांवर सेव पडणारच. विचारायचं ते असं: काकू, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लिटर लागतं? माणशी अर्धा लिटर म्हणजे दिवसाला साधारण तीन छोटे चमचे. बाहेरचं नमकीन या हिशेबात येत नाही, हे पेशंट विसरतात आणि डॉक्टरही. पोह्यांबरोबरची जिलेबी मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढवते, एलडीएलला तिचा दोष फारसा नाही. नीमचच्या मंडीत ज्याचा मोठा व्यापार चालतो तो इसबगोल रोज 10 ग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, एलडीएल थोडं तरी खाली आणतो. घरोघरी तो असतोच, फक्त पोट साफ होण्यासाठी.

उपचार फसतात ते बहुधा दुसऱ्या भेटीत. 'रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली.' हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: नॉर्मल आला तो गोळीमुळे, सोडली तर काही आठवड्यांत आकडा परत वर. दुसरं कारण अंगदुखी. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत, सुरुवातीच्या आठवड्यांत. एकाच गुडघ्याची कुरकुर त्याच्या माथी मारू नका. दुखणं खरंच तसं वाटलं तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) करा. ते नॉर्मलच्या दहापटीच्या वर असेल, किंवा एसजीपीटी तिपटीच्या वर टिकून असेल, तर गोळी थांबवा. एरवी दोन-चार आठवडे गोळीला विश्रांती, मग कमी डोस किंवा रोसुव्हा 5 एक दिवसाआड. अॅटोरव्हा चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिण्याची चूक खोकल्याच्या मोसमात हमखास होते; त्याने स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. गर्भधारणेचा विचार असेल तर स्टॅटिन आधीच बंद करायचं, हे तरुण बाईला पहिल्याच दिवशी सांगा.

एलडीएल 190 किंवा त्याच्या वर असेल तर धोक्याचं कोष्टक काढत बसू नका, उपचार सुरू करा. टाचेमागच्या कंडरेवर (अकिलीस टेंडनवर) जाड गाठी आहेत का ते हाताने बघा, बुबुळाभोवती पांढरी कडा बघा. घरात 55 च्या आधी पुरुषाला किंवा 65 च्या आधी बाईला हार्ट अटॅक झालाय का ते विचारा. असेल तर त्याच प्रिस्क्रिप्शनवर पेशंटच्या भावंडांची आणि मुलांची लिपिड तपासणी लिहून द्या.