बॅटरी गळती, पुढचा भाग: चोर फ्यूज बॉक्समध्ये नव्हताच

बंद गाडीतही बॅटरीचा करंट खाणारा चोर सापडला! अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) रेक्टिफायर प्लेटवरचा, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या प्लेटवरचा, एक पॉझिटिव्ह डायोड. डायोडने करंट एकाच दिशेला जाऊ द्यायचा असतो. प्लेट बदलली, गाडी दामटून आणली, गरम इंजिनावरच मीटर लावला आणि सगळी मॉड्यूल (गाडीतले इलेक्ट्रॉनिक कंट्रोल डबे) झोपल्यावर आकडा आला 24 मिलिअँपिअर. एवढ्या आनंदाने मी मीटरकडे याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मागचे भाग वाचलेल्यांना आठवत असेल: आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करायचा आणि बॅटरीवर 11.9 व्होल्ट दिसायचे. बॅटरी नवी, लोड टेस्ट पास, चार्जिंग 14.2. झोपलेली गाडी 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवी, माझी थंड असताना 140 खात होती. 45 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून रोज साधारण साडेतीन अँपिअर-अवर जातात. आठवड्यात अर्धी बॅटरी साफ.

तुमच्यापैकी बहुतेकांचा संशय डॅशकॅमला गाडीच्या वायरिंगमधून थेट वीज देणाऱ्या हार्डवायर किटवर होता. ते किट पूर्ण उपटून पाहिलं, आकडा तसूभर हलला नाही. कॅमेरा निर्दोष. मग फ्यूज न उपसता प्रत्येकाच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजले. ही पद्धत मला फार आवडते, कारण फ्यूज काढला-घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि सगळा हिशेब विस्कटतो. 10 अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध 7-8 मिलिओहम असतो, म्हणजे 1 मिलिव्होल्ट दिसला तर सुमारे 130 मिलिअँपिअर वाहतोय. मला कुठेच 1 मिलिव्होल्ट दिसला नाही. घड्याळ आणि रेडिओच्या मेमरीचा किंचित पुसट आकडा, बाकी सगळीकडे शून्य. आत शून्य आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर मात्र 140!

खरा वैताग पुढे होता. सकाळी थंड गाडीत 140, संध्याकाळी लांबून आल्यावर 410. गाडी तीच, मीटर तोच, वायरीही त्याच. एखादं मॉड्यूल झोपत नसेल म्हणून दाराच्या लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने फिरवून दार ‘बंद’ केलं, बॉनेटचा स्विच दाबून बांधला, चावी घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. तासभर थांबूनही आकडा तीनशेच्या वरच. अधूनमधून येणारा शॉर्ट असेल या विचाराने दाराच्या रबरी नळीतल्या वायरी तपासायला घेतल्या. त्यांत काही निघालं नाही.

मार्ग दाखवला तो आलेखाने. मीटर मालिकेत (सिरीजमध्ये) ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेलो. पहिल्या अर्ध्या तासात ठळक पायऱ्या दिसल्या: एक मॉड्यूल झोपलं की आकडा धपकन खाली, मग सपाट, मग पुन्हा धपकन. पण शेवटच्या पायरीनंतर रेषा सपाट झालीच नाही. 410 पासून सुरू झालेला एक गुळगुळीत उतार, तासन्‌तास, थेट 140 पर्यंत. मॉड्यूल एकतर जागं असतं किंवा झोपलेलं, त्याला असा उतार नसतो. इतक्या सावकाश उतरतं ते तापमान. गाडीतली कुठली वस्तू इंजिनाबरोबर तापते, कायम बॅटरीला जोडलेली असते आणि आतल्या फ्यूज बॉक्समधून जात नाही? अल्टरनेटर. त्याची बी प्लसची (आउटपुट टोकाची) जाड केबल बोल्ट केलेल्या मोठ्या फ्यूजमधून सरळ बॅटरीला जाते. त्या फ्यूजचा रोध मिलिओहमपेक्षाही कमी, त्यामुळे 140 मिलिअँपिअरला तिथे माझ्या मीटरला दिसण्याजोगं काहीच उरत नाही.

पण रिपल चाचणी (अल्टरनेटरच्या डीसीत एसीचे तरंग किती उरतात ते पाहणारी) पास झाली होती ना, असं कोणी विचारेलच. झाली होती, हेडलाइट आणि ब्लोअर लावून एसी रेंजवर 0.07 व्होल्ट. ती चाचणी तुटलेला किंवा पूर्ण शॉर्ट झालेला डायोड पकडते. उलट दिशेला थोडासा करंट गळू देणारा डायोड इंजिन चालू असताना आपलं काम जवळजवळ नीटच करतो. म्हणून ‘रिपल ठीक, सबब अल्टरनेटर ठीक’ हे समीकरण गळतीच्या शोधात धरू नका.

माझा अल्टरनेटर जुन्या नऊ डायोडच्या पठडीतला. एक पॉझिटिव्ह डायोड गळू लागला की बॅटरीचा करंट त्यातून उलटा स्टेटरमध्ये (स्थिर गुंडाळीत) शिरतो, तिथून रोटरला करंट पुरवणाऱ्या तीन छोट्या एक्साइटर डायोडमधून रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) गुंडाळीत आणि व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून अर्थला. म्हणजे बंद गाडीतही रोटर थोडा चुंबक होणार! हे पटताच फीलर गेजचं (फटी मोजायच्या पोलादी पात्यांच्या संचाचं) सर्वांत पातळ पातं काढलं आणि गाडी गरम असताना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ धरलं. पातं ओढलं गेलं आणि चिकटून राहिलं. निगेटिव्ह काढून बी प्लस सोडवली, टेपने गुंडाळली, निगेटिव्ह परत जोडला. आता पातं धरलं तर जेमतेम जाणवेल एवढीच ओढ, आणि मॉड्यूल झोपल्यावर मीटरवर 23. चावी बंद असताना बॅटरीचा लाल दिवा मिणमिणणं ही या बिघाडाची जुनी खूण, पण इतक्या कमी करंटला दिवा पेटण्याइतका व्होल्टेज उभा राहत नाही. तो दिसला नाही म्हणून अल्टरनेटरला सोडून देऊ नका.

टेबलावरची तपासणी सर्वांत रंगली. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर सगळे डायोड उत्तम दिसले, सरळ दिशेला 0.5 च्या आसपास, उलट दिशेला ओएल (म्हणजे मीटरच्या मते करंट जातच नाही). हा मोड दोन-तीन व्होल्टवर मोजतो, गळती दिसायला 12 व्होल्टचा दाब हवा. स्टेटरची टोकं सोल्डर सोडवून वेगळी केली, नाहीतर गुंडाळीमुळे तिन्ही फेज एकच दिसतात. मग बॅटरी, 21 वॅटचा बल्ब आणि मीटर मालिकेत जोडून एकेक डायोड उलटा लावला. दोन शून्य. तिसरा 130! त्याच्यावर हेअर ड्रायर धरला आणि आकडा चढू लागला: 160, 220, 300... ड्रायर बंद केला की तोच गुळगुळीत उतार. आलेखावर पाहिलेली रेषा टेबलावर माझ्या हाताने वर-खाली होत होती. निरोगी सिलिकॉन डायोडची गळतीही दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, पण ती मायक्रोअँपिअरमध्ये. बिघडलेल्याची चाल इतकी शिस्तशीर नसते, दिशा मात्र तीच.

डायोड प्रेस-फिट (प्लेटमध्ये दाबून बसवलेले) असल्याने अख्खी प्लेट बदलली. एका विक्रेत्याने फक्त गाडीचं मॉडेल विचारून प्लेट पाठवली, तिची भोकं जुळेनात. दुसऱ्याने अल्टरनेटरच्या अंगावरचा नंबर आणि जुन्या प्लेटचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले, आणि प्लेट अलगद बसली. असे प्रश्न विचारणाऱ्याकडूनच माल घ्या. सोल्डरिंगला 25 वॅटची छोटी आयर्न चालत नाही, जाड तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. मी 100 वॅटची वापरली. पॉझिटिव्ह प्लेटखालचे इन्सुलेटिंग वॉशर होते तसेच परत बसवायचे, एक जरी राहिला तरी बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट. उघडलंच होतं म्हणून कार्बनही (रोटरला करंट देणारे ब्रश) नवे घातले, जुने पाच मिलिमीटरवर आले होते. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, आवाज नाही, म्हणून हात लावला नाही.

क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी मोजणारा, हॉल सेन्सरचा आणि 10 मिलिअँपिअरचा फरक दाखवणारा घ्या. साधे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, या कामात त्यांचा काडीचा उपयोग नाही.

यापुढे रिव्हर्स कॅमेरा बसवायचा ठरला होता, पण तो मागे पडतोय. जोडणी झाल्यावर सहज म्हणून सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजला तर 0.4 आला. तो 0.2 च्या आत हवा. अर्थिंगची पट्टी हिरवी पडली आहे, तीच बदलणार. आणि हे लिहिता लिहिता सुचतंय की पट्टीचा खालचा बोल्ट गिअरबॉक्सवर आहे, गाडी स्टँडवर चढवावीच लागणार, तर गिअर ऑइलही त्याच वेळी उरकून टाकावं. पट्टी 25 चौरस मिलिमीटर केबलची घरीच बनवायची आहे. लग (केबलच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर घ्यावा की हातोड्याने ठोकायचा क्रिंपर पुरतो? दोन्ही वापरलेलं कोणी असेल तर केबल आणायच्या आधी सांगा.