आधी आई दाखवा

नाशकात गंगापूर रोडला आमच्या चिमी कुत्रीला फिरवताना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी थांबवतं. "आम्हालाही घ्यायचाय. घरात मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. कोणती ब्रीड शांत? आणि शी-शू लवकर कोण शिकतं?" रस्त्यात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ब्रीडचं आधी उरकू. लॅब्राडॉर पोरांचं सगळं सोसतो, पण वर्षभरात पंचवीस-तीस किलोची धांदल होते. आजोबांच्या गुडघ्यांचा विचार करा. बीगल सशाच्या वासामागे धावायला पैदास केलेला, नाक जमिनीला लागलं की त्याचे कान बंद. हस्कीचं नाव काढू नका. नाशकातली थंडी दोन-अडीच महिन्यांची, एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या केसाळ जिवानं जायचं कुठं?

आमचा पहिला बंटी बीगलच. एका विक्रेत्याकडून आणला. जाळीच्या पिंजऱ्यात सहा पिल्लं, खाली ओला पेपर. तिथंच खाणं, तिथंच झोपणं, तिथंच सगळं. खरं तर तीनेक आठवड्यांचं पिल्लू झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागतं, उपजतच. पण ज्याला बाजूला जायला जागाच मिळाली नाही, त्याची ती सवय मोडते. बंटी स्वतःच्या गादीवर शू करून तिथंच मुटकुळं करून झोपायचा. आठ महिने मी पोछा मारत होते. फिनेलचा वास आपल्याला येतो, त्याला खालचा जुनाच येतो.

चिमी गावठी. दिंडोरीकडे ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत कुत्रीला चार पिल्लं झाली होती. मला बघून आई दोनदा भुंकली, मालकानं हाक मारल्यावर गप्प येऊन माझा हात हुंगून बसली. माझं निम्मं तिथंच ठरलं. मग मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा खाली पाडला. एक पिल्लू बांधाआड पळालं ते आलंच नाही. एक दचकून मागं सरलं आणि पुन्हा वास घ्यायला पुढं आलं. तीच चिमी. दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळच ठेवली.

घरी आणली तर फरशीवर शू करेचना! मातीत वाढलेली. गोल गोल फिरली, कुंईकुंई केलं आणि शेवटी सासूबाईंच्या तुळशीच्या कुंडीत चढली. पुढचं सांगत नाही.

लसी पूर्ण होईस्तोवर खाली न्यायचं नव्हतं, म्हणून गॅलरीत घमेलंभर माती ठेवली. झोपून उठली, खाल्लं, खेळून झालं, की उचलून तिथं. जमलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा; मिनिटानं दिला तर कशाचा ते तिला कळत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास धरवतं, त्यामुळे रात्री गजर लावून आम्ही आळीपाळीनं उठायचो. पंधरवड्यात ती आपली आपण गॅलरीच्या दाराशी जाऊन बसू लागली.

शू केल्यावर नाक घासा, असं सांगणारे भेटतीलच. त्यानं पिल्लू शू करायचं थांबत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबतं. मग सोफ्यामागं शोधत बसा.

तेव्हा विक्रेता फोटो पाठवेल, कागद दाखवेल. तुम्ही म्हणा, आई दाखवा, आणि ती झोपते ती जागा दाखवा. टाळाटाळ केली तर रिकाम्या हातानं परत या. आणि हो, पिल्लू घरी यायच्या आदल्या दिवशी तुळस उंचावर ठेवा.