उशिरा शिकणाऱ्यांचं गाव

बडोद्यात अलकापुरीतून फतेगंजकडे जाताना हल्ली दुकानांचे वरचे मजले इंग्रजी शिकवणाऱ्यांनीच घेतलेले दिसतात. आयईएलटीएस आणि पीटीई या परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षा, स्पोकन इंग्लिश, स्टुडंट व्हिसा, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात एक विमान. विमानाशिवाय पाटी रंगवतच नाहीत. आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत ज्यांचं कुणीच परदेशी नाही अशी घरं आता शोधावी लागतात, तेव्हा पाटीवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अशाच एका पाटीखालच्या क्लासातून माझी भाची रोज संध्याकाळी शब्दांची छापील यादी घेऊन येते. जेवणं झाली, टेबल पुसलं, की एका टोकाला ती बसते आणि दुसऱ्या टोकाला मी. दोघींपुढे इंग्रजी शब्दच. तिला परीक्षा द्यायची आहे, मला कसलीच नाही. म्हणून तिला माझा हेवा वाटतो, आणि मला तिच्या पाठांतराचा.

माझी इंग्रजी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात घडली. हिशेब खात्यात बसून 'विथ रेफरन्स टु युवर लेटर', 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हियरविथ', 'काइंडली डू द नीडफुल' अशी पत्रांवर पत्रं लिहिली. स्पेलिंग पक्कं, व्याकरण पक्कं. पण ती सगळी इंग्रजी पाकिटात घालून टपालात टाकण्यापुरतीच. दूध उतू गेलं, जिन्यात पाय घसरला, शेजारचा नळ रात्रभर टपटपत होता, यातलं एक वाक्य इंग्रजीत चटकन जिभेवर यायचं नाही. येणार कुठून? कारखान्याच्या पत्रव्यवहारात दूध कधी उतू गेलंच नाही. रिटायर झाल्यावर वाटलं, निदान तेवढं तरी यावं. "आता कुणाशी बोलायचंय इंग्रजीत?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही शब्दकोडं कुणाशी बोलायला सोडवता?" तो विषय तिथंच मिटला.

फोनवर रोज सकाळी एक नवा शब्द येतो, ती सोय आधी करून बघितली. ते शब्द कोण निवडतं देव जाणे. वर्षभरात पुन्हा गाठ पडणार नाही असेच नेमके यायचे. चहाबरोबर वाचावा, वा म्हणावं, आणि अकराच्या सुमारास भाजी चिरताना आठवून बघावा तर पहिलं अक्षरही सापडू नये. यात वयाला बोल लावू नये. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली हे सगळं छापून ठेवलं आहे. त्यानं अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला आणि काय उरलं तेही स्वतःच मोजलं. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त ऐवज गळतो, पण जो पहिला दिवस तग धरतो तो पुढे फार सावकाश जातो, असं त्याला आढळलं. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. भला मोठा विद्वान, आणि महिनोन्‌महिने कशाचाच अर्थ नसलेली अक्षरं घोकत बसलेला. पलीकडच्या खोलीतल्यांनी काय म्हटलं असेल!

या गळतीवरचा तोडगा 1972 साली सेबास्टियन लाइटनर यांनी सुचवला, आणि तो इतका साधा आहे की आजीबाईंनी सुचवावा. एक खोका, त्यात कप्पे. शब्द कार्डावर लिहायचा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज उघडायचा. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात सरकतं, आणि तो कप्पा जरा अंतरानं उघडायचा. त्यापुढचा आणखी अंतरानं. कुठल्याही कप्प्यातला शब्द आठवला नाही तर त्याची रवानगी थेट पहिल्यात. आलेल्या शब्दावर वेळ घालवायचा नाही, न आलेल्याला सोडायचं नाही, एवढंच शास्त्र.

माझा खोका काजुकतलीचा आहे. आत जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या आणि कप्पे झाले. कार्डं मात्र लग्नपत्रिकांची. बडोद्यात पत्रिका म्हणजे नुसता कागद नव्हे, प्रकरणच असतं. गुजराती शेजाऱ्यांकडची तर पाकिटात पाकीट, मंडपमुहूर्ताचं पान वेगळं, गरब्याचं वेगळं, रिसेप्शनचं वेगळं, आणि सगळी पानं मागून कोरी. असा कागद रद्दीत द्यायला हात होत नाही. मी त्याचे तुकडे कापते आणि छापील बाजू आत राहील अशी मधोमध घडी घालते. वरच्या अंगावर शब्द, खालच्या अंगावर वाक्य, आणि पोटात कुणाचे तरी चिरंजीव. सोनेरी चुरा बोटांना लागतो तो लागतोच.

कार्डावर अर्थ लिहायचा नाही, हा नियम माझा स्वतःचा. लिहायचं ते वाक्य, आणि तेही त्या दिवशी घरात नाहीतर गल्लीत घडलेल्या गोष्टीचं. 'हॅगल' म्हणजे घासाघीस करणं, हा शब्द आला त्या दिवशी भाजीच्या लारीवाल्या, म्हणजे हातगाडीवाल्या, बेननं कोथिंबीर फुकट दिली होती, तेव्हा 'शी लेफ्ट मी नथिंग टु हॅगल ओव्हर' असं झालं. 'ड्रिप'च्या कार्डावर शेजारचा नळ आहे. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, त्याच्या कार्डावर 'माय निस इज रिलक्टंट टु वॉश हर ओन प्लेट' असं लिहून मी ते उघड्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खोक्यात माझ्या अक्षरातलं नसलेलं एक कार्ड निघालं. शब्द 'इन्कॉरिजिबल', म्हणजे कधीच न सुधारणारी, वाक्य माझ्यावर. ते कार्ड पहिल्या कप्प्यातून सुटलं ते भराभर शेवटपर्यंत पोचलं. अपमान फार चांगला लक्षात राहतो. एबिंगहाउसनं अर्थ नसलेली अक्षरं घेतली तिथंच त्यानं स्वतःचं काम अवघड करून घेतलं.

भाचीच्या यादीचं मात्र माझ्याशी जमत नाही. त्यात 'प्लेथोरा' आहे, 'युबिक्विटस' आहे, 'मेटिक्युलस' आहे. तिच्या आयईएलटीएस परीक्षेच्या बोलण्याच्या भागात एक विषय हातात देतात, मिनिटभर विचार करू देतात, आणि मग एक-दोन मिनिटं अखंड बोलायचं असतं. सरावाला मी परीक्षक झाले आणि विचारलं, तुझ्या शहरातली एक आवडती जागा सांग. तिनं 'वडोदरा बोस्ट्स अ प्लेथोरा ऑफ' अशी सुरुवात केली, आणि सगळं उत्तर शालू नेसून भाजी आणायला निघाल्यासारखं चाललं.

"मग बँड कसा वाढणार, मावशी?"

तिचंही खोटं नाही. त्या परीक्षेत शून्य ते नऊ असे बँड असतात, आणि बोलण्याला गुण देताना चार गोष्टी बघतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. कमी वापरातले शब्द आले तर ते जमेला धरतातच. पण जागच्या जागी बसले तर. यादी पाठ करून आलेलं पोर कान असलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतं.

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक गेल्या शतकाच्या आरंभी ढाक्याला होते. बंगाली मुलं इंग्रजीत का अडतात हे बघताना त्यांच्या ध्यानात आलं की पाठ्यपुस्तकं साधा शब्द हाताशी असताना दुर्मीळ शब्द घालतात, आणि मूल त्या एका शब्दापाशी ठेचकाळतं. त्यांनी सोपी वाचनमाला तयार केली. त्यांच्या नावावरची नेहमीच्या शब्दांची यादी पुढे 1953 साली आली, साधारण 2000 शब्दांची. रोजच्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द असल्या यादीतलेच असतात. आणि ते सोपे म्हणून सोडून द्यावेत असेही नाहीत. ऑक्सफर्डच्या 1989च्या वीस खंडी कोशात सर्वांत लांबलचक नोंद कुठल्या भारदस्त शब्दाची नाही, 'सेट'ची आहे. तीन अक्षरांचा शब्द, पण दही लागतं तिथं तो, सूर्य मावळतो तिथं तो, पानं मांडायची तिथं तो. माझ्या खोक्यात त्याचीच कार्डं जास्त आहेत.

मी भाचीला म्हटलं, यादी मिटव आणि कमाटी बागेतल्या म्युझियममधला देवमासा सांग. तो सांगाडा बडोद्याच्या प्रत्येक मुलानं पाहिलेला असतो. ती थोडी घुटमळली आणि बोलायला लागली. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिला, बरगड्या नावेच्या फळ्यांसारख्या वाटल्या, रात्री झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा न्या म्हणून हट्ट धरला. दोन मिनिटं कधी सरली कळलं नाही. मध्ये 'रिब' अडला, तेव्हा बरगडीवर बोट ठेवून 'धिस बोन' म्हणाली आणि पुढे गेली. मी तो शब्द कार्डावर लिहून तिच्या हातात दिला. तिचं खोक्यातलं पहिलं न भांडता घेतलेलं कार्ड.

या गावाला उशिरा शिकण्याचं वावडं नाही, ही एक गोष्ट मला फार धीर देते. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ 27 मे 1875 रोजी दत्तक होऊन सयाजीराव झाला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. मग एलियट हे शिक्षक नेमले गेले आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू झाल्या. माझ्या टेबलावर एक भाषा मावत नाही, आणि बारा वर्षांच्या पोरापुढे चार! त्याच महाराजांच्या राज्यानं 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला. कचेरीतले इंग्रजी शब्द आणि त्यांच्या शेजारी गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. ज्याला स्वतःला शब्दांसाठी झुंजावं लागलं त्यालाच असा कोश सुचतो, असं मला उगाच वाटतं.

आणि अरविंद घोष. वयाच्या सातव्या वर्षी विलायतेला गेले, 1893 साली परतून बडोद्याच्या नोकरीत आले, इथल्या कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं. ग्रीक-लॅटिन येत होतं, स्वतःची बंगाली मात्र कच्ची. तेव्हा 1898 मध्ये दिनेंद्रकुमार राय यांना बंगालहून बोलावून घेतलं आणि पंचविशी उलटलेला प्राध्यापक बडोद्यात बसून आपलीच मातृभाषा शिकला. ही गोष्ट भाचीला सांगितली तर ती म्हणाली, "त्यांना बँड नव्हता ना लागत." लागत नव्हता, खरंच.

गंमत ही की गुजराती आम्ही कुणीच वही घेऊन शिकलो नाही. लारीवर, रिक्षात, ओट्यावर, गरब्याच्या घोळक्यात ती आपोआप आली, आणि आमच्या मराठीत इतकी मुरली की पुण्याची नणंद आली की मी दोन दिवस जपून बोलते. तिसऱ्या दिवशी 'शाक काय करू' निघतंच. इंग्रजीला तो ओटा नाही. दांडिया बाजारात इंग्रजीत कोथिंबीर मागणारं कुणी भेटत नाही, म्हणून खोक्याची उठाठेव. कार्डावरची ती घरगुती वाक्यं म्हणजे ओट्यावर होऊ न शकलेल्या गप्पाच. शेजारच्या काकांना हे पटलं. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले, वर्तमानपत्रातले शब्द तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित करतात आणि अर्थ समासात लिहितात. महिन्याअखेर रद्दीवाला ते सगळं किलोच्या भावानं घेऊन जातो. आता ते माझ्याकडून कोरे तुकडे नेतात.

भाचीचं म्हणणं, फोनमध्ये असं अ‍ॅप असतं मावशी, कुठलं कार्ड कधी दाखवायचं ते स्वतःच ठरवतं, तुला कप्पे मोजत बसायला नको. तिनं ते बसवूनही दिलं. वाईट नाही. पण ते रात्री साडेनऊला टुण्‌ करून आठवण करतं, आणि मला कुणी आठवण केलेली सोसत नाही. कारखान्यात तेवढी पुरेशी झाली. शिवाय काकांना दिल्यापासून माझे तुकडे संपत आले होते, त्याचीही आता काळजी नाही. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, आणि कालच समोरच्या घरातून पहिली पत्रिका आली आहे. पाच पानी.