दुपारी तीनचा मंडप

डिसेंबरात होणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचा विषय निघाला की पुणेकर रात्रींबद्दल बोलतात. रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणातल्या मैफली, रमणबागेतली थंडी, शालीत गुरफटून ऐकलेला पहाटेचा ललत किंवा सकाळची तोडी, आणि मग तसंच थेट कामावर जाणं. हे सगळं होतंच. पण हा उत्सव भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाने या शहराला जे दिलं, त्यातलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते दुपारी तीन ते पाच या वेळात ऐकायला मिळतं. दुर्दैवाने नेमका तेव्हाच मंडप निम्मा रिकामा असतो.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, 12 सप्टेंबर 1952 रोजी गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्यांनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ गायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी हा उत्सव अक्षरशः खांद्यावर वाहिला, पत्नी वत्सलाबाई त्यांच्या बरोबरीने राबल्या. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे शिष्य गुरूची हजेरी म्हणून वर्षानुवर्षं येत राहिले. 2011 मध्ये पंडितजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. 2018 मध्ये मुक्काम रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर हलला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ दरवर्षीचंच, त्यात अडकायला नको.

उत्सव दुपारकडे सरकला तो ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे. 2000 सालच्या नियमांनी उघड्यावर रात्री दहाची मर्यादा आली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण अख्खी रात्र गेली ती गेलीच. रात्री उशिराच्या दरबारी रागाला निवांत वेळ उरला नाही, पहाटेचे राग तर उत्सवातून जवळजवळ हद्दपार झाले. याचं दुःख सगळ्यांनाच आहे. पण त्या बदल्यात भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे राग आपापल्या खऱ्या वेळेला ऐकायला मिळू लागले, हे फारसं कुणी बोलत नाही. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अर्ध्या तासात मारवा, पूरिया किंवा श्री हे मावळतीचे राग लागले तर कापडाच्या छतावरून उतरणारा उजेडही रागाच्याच वेळेचा असतो. बंद नाट्यगृहात ते मिळत नाही.

दुपारची ही जागा बहुतेक वेळा नव्या कलाकाराची. हाताशी पाऊण तास, फार तर एक तास. बारा मात्रांच्या विलंबित (संथ) एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं, म्हणजे अर्ध्या तासात जेमतेम सदतीस आवर्तनं. त्यात अख्ख्या रागाची बढत, म्हणजे स्वरास्वराने होणारा विस्तार, बसवायची! चुकतं ते इथेच. समोरचा विस्तीर्ण मंडप पाहून मुलं घाबरतात, मंद्र (खालचं) सप्तक दोन आवर्तनांत उरकतात, दहाव्या मिनिटाला तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, पोहोचतात. मग उरलेला वेळ तानांनी भरण्यावाचून गत्यंतर नसतं. टाळ्या मिळतात, राग मात्र उभा राहत नाही. याउलट एखादी मुलगी पहिली सहा-सात आवर्तनं मंद्र निषाद आणि षड्जाच्या आसपासच काढते. मुलतानीत कोमल ऋषभ-धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की तोडीची सावली पडते, म्हणून त्या स्वरांना नुसता स्पर्श करून गंधार-पंचमाकडे वळते. तेव्हा मागे बसलेले जाणकार एकमेकांकडे पाहतात. दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं ते या क्षणी. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागते, तेव्हाही येतं, पण तिथे सोबतीला हजारो असतात.

म्हणून एक तक्रार मनापासून करायची आहे. दुपारी येऊन पुढच्या रांगेत चटई टाकायची, जागा धरायची, निघून जायचं आणि सहा-साडेसहाला परतायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. गायला बसलेल्या मुलाला समोर माणसं न दिसता रिकाम्या चटया दिसतात. आज ज्यांच्यासाठी रांगा लागतात, तेही कधीतरी नवे होतेच. सकाळी सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’चे लघुपट आणि ‘अंतरंग’च्या मुलाखती होतात, तिथेही तीच गत. कलावंत स्वतःच्या तालमीबद्दल बोलत असतो, आणि शहरातले संगीताचे किती विद्यार्थी समोर असतात?

आता ज्यांच्यावाचून यातलं काहीच घडत नाही, त्यांच्याबद्दल. तंबोरे लावणारे आधी. गायिकेचा तंबोरा (पेटीच्या पट्टीत) काळी चार-पाचचा, गायकाचा काळी एक-दोनचा, म्हणजे जोड्या वेगळ्या. डिसेंबरच्या गारठ्यात तारा आकसतात आणि सूर चढतो. तोच तंबोरा रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत आला की उतरतो. म्हणून ग्रीनरूममध्ये लावलेला तंबोरा मंचावर आणून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्यावा लागतो, मग तारेतले मणके सरकवून, घोडीवरचा जवारीचा दोरा किंचित हलवून पुन्हा मिळवायचा. घाई केली तर बडा ख्याल सुरू होताच खर्जाची (सर्वात खालच्या सुराची) तार उतरते, आणि गायकाला मध्येच मागे वळावं लागतं. तबल्याचं उलटं. संध्याकाळी दव पडू लागलं की पुडी (वरचं कातडं) सैल पडते, वादीतली सोळाही घरं पुन्हा तपासावी लागतात.

ध्वनिव्यवस्थेची मंडळी तितकीच महत्त्वाची. मंचापासून चौतीस मीटर मागे आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला नाही तर तिथल्या श्रोत्याला प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो, आणि द्रुत तराण्याचा चिखल होतो. तंबोऱ्याचा माईक किंचित जास्त उघडला तरी गुंजनात शब्द बुडतात. हे सगळं सांभाळणाऱ्यांचं नाव पत्रिकेत सापडलं तर शेवटच्या ओळीत.

सूत्रसंचालक आनंद देशमुख यांनी मोजक्या शब्दांत कलाकाराची ओळख कशी करून द्यावी याचा पाठच घालून दिला. सतीश पाकणीकरांच्या प्रकाशचित्रांपुढे उभं राहून कितीतरी तरुणांनी जुन्या उस्तादांचे चेहरे पहिल्यांदा पाहिले. मांडववाले, सतरंज्या अंथरणारे, मैदानावर सकाळीच पाणी मारणारे (दुपारी मारलं तर ओल सतरंजीत चढते, मारलंच नाही तर धूळ गायकाच्या घशात जाते), जनित्रापाशी बसून राहणारा, प्रवेशद्वारावरचे स्वयंसेवक, वाहनतळावरची पोरं, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी, स्वच्छतागृहं दर तासाला धुणाऱ्या बायका, चहा-वड्याच्या स्टॉलवाल्या. मैदान इतके दिवस सोडून देणारी शाळेची मुलं. मागे तंबोऱ्यावर तास-तास मांडी न हलवता बसणारे शिष्य. घोषणा न होता आयत्या वेळी बदली म्हणून बसलेले पेटीवाले. आणि हो, सगळे गेल्यावर तंबोऱ्यांच्या तारा थोड्या सैल करून, भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गवसणीत गादी घालून ते गाडीत चढवणारे दोघं-तिघं, त्यांचं नाव तर कुठेच छापलेलं नसतं.